तीन अनोळखी भिडू आणि आपलं मूल



"अरे रिवाइव्ह दे ना!" "मागे बघ, मागे!" "याला कोणी घेतलं टीममध्ये?" बंद दाराआडून असे आवाज आज बहुतेक घरांत ऐकू येतात. आपण जाऊन बघेपर्यंत मोबाईल गादीवर आपटलेला असतो आणि मुलाचं तोंड फुगलेलं असतं. काय झालं म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं: "टीममेट बेकार होते."

मोबाईल किती वेळ द्यावा, द्यावा की नाही, यावर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्या वादात आज मी शिरत नाही. मला बोलायचंय ते या एका तक्रारीबद्दल. कारण आपण ती कधी ऐकूनच घेत नाही. "खेळूच नको मग" म्हटलं की आपल्या दृष्टीने विषय संपतो. मुलाच्या दृष्टीने मात्र तो संपलेला नसतो. आठवी-नववीच्या वर्गात गटकार्य दिलं की दोन-तीन मुलं हमखास उठून सांगतात, "मला गट नको, मी एकटाच करतो." त्यांतल्या काहींशी नीट बोललं की कळतं, रोज संध्याकाळी अनोळखी लोकांबरोबर खेळून त्यांचं मत पक्कं झालंय, की दुसऱ्यावर विसंबलं की आपण बुडतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने असा निष्कर्ष काढणं मला काळजीचं वाटतं. तो मुळात चुकीच्या हिशेबावर उभा आहे, म्हणून आधी हिशेब समजून घेऊ.

खेळ नेमका काय असतो

उदाहरण म्हणून बीजीएमआय घेते, कारण आपल्याकडे मुलांच्या तोंडी तोच जास्त. आधी पबजी मोबाईल होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात तोही गेला. मग जुलै २०२१ मध्ये तोच खेळ भारतापुरता वेगळ्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून हटला आणि मे २०२३ मध्ये परत आला. हा इतिहास मुलांना तोंडपाठ असतो, सनावळ्या पाठ होत नाहीत म्हणणाऱ्यांनासुद्धा!

साधारण शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. हत्यारं, हेल्मेट, औषधपेटी हे सगळं तिथल्या घरांत शोधायचं. त्याला मुलं 'लूट' म्हणतात. खेळाचं क्षेत्र हळूहळू आक्रसत जातं, म्हणजे सगळ्यांना एकमेकांसमोर यावंच लागतं. शेवटी जो संघ उरेल तो जिंकला. संघ चौघांचा, त्याला 'स्क्वॉड'. मित्र ऑनलाईन असतील तर ते बरोबर येतात. नसतील तर यंत्रणा कोणीही तीन अनोळखी भिडू जोडून देते. मुलांच्या भाषेत हे 'रँडम'. कुठल्या गावचे, किती वर्षांचे, काही कळत नाही. माईक सुरू असेल तर आवाज तेवढा ऐकू येतो, तोही बहुधा हिंदीत.

यातला एक नियम पालकांना माहीत असायलाच हवा. गोळी लागून पडलेला खेळाडू लगेच बाद होत नाही. तो रांगत राहतो. सोबत्याने त्याच्याजवळ येऊन दहाएक सेकंद थांबलं तर तो पुन्हा उठतो. हेच ते 'रिवाइव्ह'. ती दहा सेकंदं वाचवणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही. म्हणजे दुसऱ्याला उठवायचं तर स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो, आणि पडलेला आपल्या डोळ्यांनी बघत असतो, की हा येतोय की मला सोडून पळतोय. दाराआडची ती किंकाळी त्या दहा सेकंदांची असते. एक अनोळखी माणूस आपल्याला सोडून गेला, हे त्या वयात खेळातसुद्धा लागतं. "खोटं खोटं तर आहे" असं आपण म्हणतो, पण बुद्धिबळाचा वजीरही लाकडाचाच असतो.

पंचवीसातला एक

आता हिशेब. शंभर खेळाडू, चार-चारचे संघ, म्हणजे २५ संघ. जिंकणार एक. सगळे अगदी सारख्या ताकदीचे धरले तरी आपला संघ जिंकण्याची शक्यता पंचवीसात एक, म्हणजे ४ टक्के. कबड्डीत दोन संघ असतात, त्यामुळे सारख्या ताकदीचा संघ निम्मे सामने तरी जिंकतो. इथे सरासरी खेळाडू शंभरात ९६ वेळा हरणार. त्यात कोणाचा दोष नाही, खेळाची रचनाच तशी आहे. पण मुलगा हरतो तेव्हा त्याला रचना दिसत नाही. त्याला दिसतात तीन माणसं.

आणखी एक गंमत आहे. नव्या खेळाडूसमोर सुरुवातीला पुष्कळ 'बॉट' सोडलेले असतात, म्हणजे यंत्राने चालवलेले, सहज मरणारे खोटे खेळाडू. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मुलगा जिंकतच असतो आणि आपण फारच भारी आहोत असं त्याला वाटतं. जसजशी त्याची पायरी वाढते, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी, तसतसे बॉट कमी होतात आणि समोर खरी माणसं येतात. पराभव वाढतात. मुलाचा अनुभव काय सांगतो? "आधी मी जिंकायचो, आता हरतो. मी तर तोच आहे. म्हणजे टीममेट वाईट मिळतात." तर्क बिनतोड वाटतो, कारण त्याला बॉटची गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

दुसरा हिशेब गणिताच्या शिक्षकांसाठी. समजा, दहातला एक खेळाडू त्रासदायक आहे. शिव्या देणारा, मधेच निघून जाणारा, मुद्दाम हरवणारा, कसाही. हा आकडा मी उदाहरणापुरता धरलाय. आपल्या तिघा अनोळखी भिडूंपैकी एकही तसा नसण्याची शक्यता ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.७२९. म्हणजे निदान एक तरी तसा निघण्याची शक्यता २७ टक्क्यांच्या वर. दहातला एकच वाईट, तरी साधारण दर चौथ्या डावात तो आपल्या वाट्याला येणार! मुलगा संध्याकाळी चार डाव खेळला तर एकदा तरी बहुधा भेटणारच. रोज भेटतो म्हटल्यावर "सगळेच असे असतात" असं वाटणं साहजिक आहे. दहावीला संभाव्यतेचं प्रकरण आहे, तिथे हे उदाहरण एक पायरी पुढचं म्हणून जरूर द्या. शेवटच्या बाकावरची मुलं पुढे सरकून बसतात.

आणि याच उदाहरणाची दुसरी बाजूही मुलांकडूनच काढून घ्या. समोरच्या संघात अनोळखी किती? चार. आपल्या संघात आपण सोडून? तीन. मी स्वतः नीट खेळत असेन तर वाईट भिडू यायला माझ्या संघात तीन जागा आहेत, समोर चार. त्यांना तो मिळण्याची शक्यता ३४ टक्के. म्हणजे शेकडो डावांत नशीब माझ्याच बाजूला झुकलेलं आहे. फक्त समोरच्यांचं भांडण आपल्याला ऐकू येत नाही, आपल्या संघातलं तेवढं ऐकू येतं. हे कळल्यावर एका मुलाने फार छान विचारलं होतं, "मग मी तीच तक्रार वर्षभर करतोय, तर माझ्या टीममध्ये नेहमी असतो तो एकच माणूस कोण?" वर्ग हसला. तोही हसला.

लिंबूटिंबू कुठे गेलं?

आपल्या गल्लीतले डाव आठवा. लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस, काहीही. दोन गडी पुढे उभे राहायचे आणि आळीपाळीने एकेक भिडू मागून घ्यायचे, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप सारख्या व्हायच्या. कोणाचा धाकटा भाऊ मागे लागला तर त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं. तो खेळणार, पळणार, पण आऊट झाला तरी आऊट नाही. कोणी चिडला, रडीचा डाव खेळला, तर दोन दिवस त्याला घ्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी परत घ्यायचं, कारण बॅट त्याचीच असायची.

ही सगळी व्यवस्था कोणी शिकवली नव्हती. पण तिच्यात तीन गोष्टी होत्या. कच्च्या खेळाडूला जागा होती. वाईट वागण्याची किंमत होती. आणि भांडण झालं तरी उद्या तीच माणसं पुन्हा भेटणार, ही खात्री होती. ऑनलाईन डावात यातलं काहीच नाही. कच्चा खेळाडू हा तिथे 'नूब', म्हणजे शिवी. भिडू उद्या भेटणार नाही, परवाही नाही. अर्ध्या तासासाठी जुळलेला संघ डाव संपताच कायमचा मोडतो. अशा संघात धीर धरण्याचं कारणच काय, असा प्रश्न मुलांना पडतो. त्यांना दोष देण्याआधी आपण स्वतःला विचारू. एसटीत शेजारच्या सीटवरच्या माणसाशी आपण जितक्या जपून बोलतो, तितक्याच जपून चारचाकीची काच वर करून बाहेरच्याला बोलतो का?

मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली यावर एक निबंध लिहिला होता. माणूस ऑनलाईन एरवीपेक्षा सैल का वागतो, हा त्याचा विषय. समोरच्याला आपलं नाव माहीत नाही, चेहरा दिसत नाही, आणि तिथे कोणी वडीलधारं, अधिकाराचं नाही, अशी काही कारणं त्यांनी मांडली. सैल वागणं नेहमी वाईटच असतं असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. काही माणसं एरवी कधी सांगणार नाहीत असं दुःखही अनोळखी माणसापाशी मोकळं करतात. हे मला महत्त्वाचं वाटतं. मुलांना त्या खेळांत चांगले मित्रही मिळालेले असतात.

मी हरलो तर नेटवर्क, तू हरलास तर नूब

मुलांच्या बोलण्याकडे आठवडाभर कान द्या. स्वतः मेला तर: नेट गेलं, फोन तापला, आईने हाक मारली. भिडू मेला तर: बावळट आहे. आपल्या चुकीला परिस्थिती जबाबदार आणि दुसऱ्याच्या चुकीला त्याचा स्वभाव, ही खोड मोठ्यांनाही आहे. दुसऱ्याचं वागणं आपण त्याच्या स्वभावाला फार सहज चिकटवतो, या प्रकाराला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नाव दिलं, पण आपल्याकडच्या सासवा-सुनांना ते त्याआधीपासून माहीत होतं.

ऑनलाईन खेळात ही खोड जास्तच वाढते, कारण भिडूची परिस्थिती आपल्याला दिसतच नाही. मोबाईलवर खेळणाऱ्याला मधेच फोन आला की त्याचा खेळाडू मैदानात नुसता उभा राहतो. फोन आजीचा असेल, घेणं भाग असेल. गावाकडे रेंज एक-दोन काड्या असेल तर त्याने दाबलेलं बटण खेळात उशिरा पोचतं. संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ मिलिसेकंदांत मोजतात, त्याला 'पिंग' म्हणतात. चाळीस मिलिसेकंदवाला आणि तीनशेवाला समोरासमोर आले तर दुसऱ्याची गोळी निघेपर्यंत पहिला आडोशाला गेलेला असतो. आपल्याला फक्त एवढंच दिसतं, की याला नेम धरता येत नाही. कोणाकडे जुना फोन असतो, कोणाच्या फोनची काच तडकलेली. नुसता उभा राहिलेला खेळाडू पाहून "हा मुद्दाम करतोय" हे पहिलं स्पष्टीकरण मनात येतं. मुलांना सवय लावायची ती इतकीच, की शिवी देण्याआधी दुसरं एक स्पष्टीकरण सांगून बघ. खरं निघायला हवं असं नाही, नुसतं शक्य असलं तरी पुरे.

दोर ओढणारे आणि मोजणारे

मॅक्स रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच शेतकी अभियंता होता. माणसं एकेकटी किती जोराने दोर ओढतात आणि गटाने किती, हे त्याने मोजलं. १९१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गटात माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. आठ जण झाले तेव्हा प्रत्येकी जोर निम्म्यावर आला होता. आता, सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत म्हणूनही जोर वाया जातो. पण तेवढंच कारण आहे का? १९७४ साली इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी युक्ती केली. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला सांगितलं की मागे आणखी लोक ओढताहेत. प्रत्यक्षात ते ओढतच नव्हते. तरी त्याचा जोर कमी भरला! पुढे १९७९ मध्ये लाटाने, विल्यम्स आणि हार्किन्स यांना टाळ्या वाजवण्यात आणि ओरडण्यातही तेच आढळलं. त्यांनी त्याला जे नाव दिलं त्याला आपण मराठीत सरळ 'गर्दीतला आळस' म्हणू. प्रार्थनेला तीनशे मुलं उभी असतात आणि आवाज चाळीसांचाच येतो, ते हेच.

पण पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातोय असं कळलं की हा आळस ओसरतो. खेळ बनवणाऱ्यांनी नेमकं हेच केलंय, प्रत्येकाचं सगळं मोजतात. मग तिथे तरी सहकार्य उत्तम व्हायला हवं. का होत नाही?

माझ्या मते उत्तर आहे, काय मोजलं जातं आणि कशाची टिमकी वाजते, यात. डाव संपल्यावर मुलं एकमेकांना काय विचारतात? "किती किल?" कोणी किती मारले हा आकडा सगळ्यांच्या तोंडी. त्याने औषध कोणाला दिलं, टेकडीवर उभं राहून पहारा किती वेळ केला, गाडी चालवून सगळ्यांना सुरक्षित क्षेत्रात कोणी आणलं, याची बढाई कोणी मारत नाही. म्हणून पहारा करणारा कंटाळून पुढे पळतो, चौघेही मारायला धावतात आणि चौघेही मरतात. मग "टीमवर्क नाही" म्हणून भांडण. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकाने अडवलेल्या धावा धावफलकावर दिसत नाहीत, तसंच.

शिक्षक म्हणून इथे आपण जरा आरशात बघायला हवं. गटप्रकल्पाला आपण गुण कशाला देतो? तक्ता सुंदर, सादरीकरण खणखणीत. ज्या मुलीने दोन भांडणाऱ्या मुलांना एकत्र बसवलं, जिने सगळ्यांकडून माहिती वेळेत गोळा केली, तिच्यासाठी आपल्या तक्त्यात रकाना असतो का?

गुणांची शिडी

मुलांची आणखी एक तक्रार खरी आहे, ती नाकारू नका. "मी चांगला खेळलो तरी माझे पॉइंट गेले." खेळाडूची ताकद आकड्यात मांडायची कल्पना बुद्धिबळातून आली. आर्पाद एलो हे अमेरिकेतल्या मिलवॉकीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तगड्याला हरवलं तर जास्त गुण, कच्च्याला हरवलं तर थोडे. बुद्धिबळात डाव एकट्याचा, म्हणून गुणही निखळ आपले. पण संघाच्या खेळात निकाल चौघांचा आणि गुण एकेकट्याचे. चौघांच्या निकालातून एकाची ताकद ओळखायची म्हणजे पिठल्याची चव घेऊन मीठ कोणी टाकलं ते सांगण्यासारखं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी ट्रूस्किल नावाची पद्धत बनवली ती हाच गुंता सोडवायला. पुष्कळ डाव झाले की आकडा बराचसा खरा होतो, कारण भिडू बदलत राहतात आणि आपण तेच असतो. एका संध्याकाळी मात्र तो अन्याय करू शकतो. मुलाला हे असंच सांगावं: आज तुझ्यावर अन्याय झाला असेल, महिन्याचा आकडा बघ. "तुझीच चूक असेल" हे उत्तर त्याला पटत नाही, आणि पुष्कळदा ते खरंही नसतं.

बनवणाऱ्यांनी काय करून पाहिलं

लीग ऑफ लीजेंड्स नावाच्या, पाच-पाचांच्या संघांच्या खेळात शिवीगाळ फार होती. २०११ मध्ये त्यांनी खेळाडूंचीच पंचायत बसवली. तक्रार आलेल्याचं बोलणं इतर खेळाडूंनी वाचायचं आणि शिक्षा हवी की माफी यावर मत द्यायचं. काही वर्षांनी ती बंद झाली. मला त्यांचा दुसरा प्रयोग जास्त आवडतो. विरुद्ध संघाशी बोलण्याची सोय त्यांनी सुरुवातीला बंद ठेवली. काढून नाही टाकली, फक्त हवी असेल त्याने स्वतः सुरू करायची. पुष्कळांनी सुरूही केली, बोलणं आटलं नाही, पण घाण कमी झाली. बोलायच्या आधी एक बटण दाबावं लागलं, तेवढ्याने फरक पडला.

२०१९ च्या फेब्रुवारीत आलेल्या एपेक्स लीजेंड्सने तर न बोलता खेळण्याचीच उत्तम सोय केली. एखाद्या जागेकडे रोखून एक बटण दाबलं की "इथे शत्रू आहे", "इथे हत्यार आहे", "तिकडे जाऊ" हे बाकीच्या भिडूंना कळतं. भाषा वेगळी असो की माईक नसो. बीजीएमआयमध्येही तयार संदेशांची आणि खुणांची सोय आहे, पण मुलं ती फारशी वापरत नाहीत कारण ओरडणं सोपं असतं.

हे मी का सांगतेय? मुलींसाठी. माझ्या ओळखीच्या काही विद्यार्थिनी चांगल्या खेळतात आणि माईक कायम बंद ठेवतात. आवाज मुलीचा आहे हे कळलं की दोनच गोष्टी होतात, एकतर घाणेरडं बोलणं नाहीतर नंबर मागणं. आणि मग "बोलत नाही, हिला टीमवर्क कळत नाही" म्हणून वर तक्रारही त्यांचीच. अशा मुलीला "खेळणंच सोड" सांगणं म्हणजे छेडछाड होते म्हणून शाळा सोड म्हणण्यापैकी आहे. तिला खुणांनी खेळणं, म्यूट करणं, रिपोर्ट करणं शिकवावं, आणि असं काही झालं तर घरी सांगता येईल इतपत दार उघडं ठेवावं. अनोळखी आवाज तर लहान वयाच्या सगळ्याच मुलांसाठी बंद असावा, मुलगा असो की मुलगी. माझ्या घरी तरी हा नियम मी विनाचर्चा लावला असता.

पालक हेही एक टीममेट

आता थोडं अवघड जागेचं दुखणं. जेवायला हाक मारली, आला नाही, आपण जाऊन मोबाईल हिसकावला. आपल्या घरात शिस्त लागली. पण त्या क्षणी नाशकातल्या, भोपाळमधल्या, कुठल्या तरी तीन मुलांचा चौथा भिडू मैदानात नुसता उभा राहिला आणि मेला. ती तिघं आता आपल्या मुलाला शिव्या देताहेत. म्हणजे ज्या 'बेकार टीममेट'बद्दल आपलं मूल रोज तक्रार करतं, तोच आपण त्याला बनवला. वारंवार मधेच सोडून जाणाऱ्यांवर खेळाची यंत्रणा कारवाईही करू शकते. मुलाच्या चिडण्यात यातला भाग किती आणि हट्ट किती, हे ओळखायला हवं.

मोठ्या बेटावरचा एक डाव शेवटपर्यंत गेला तर साधारण अर्धा तास चालतो. म्हणून "पंधरा मिनिटं खेळ" या परवानगीला अर्थ नाही. "दोन डाव" असं ठरवावं. क्रिकेटमध्ये आपण "पंधरा मिनिटं बॅटिंग" म्हणत नाही, "ही ओव्हर संपली की घरी" म्हणतो. तसंच डाव सुरू करण्याआधी विचारायचं, "अर्धा तास आहे का?" नसेल तर सुरू करायचा नाही, कारण तीन जण तुझ्या भरवशावर उतरणार आहेत. हा नियम मुलांना पटतो, कारण तो त्यांच्याच खेळाचा आहे.

डाव संपल्यावर लगेच उपदेश नको. पाणी पिऊ द्या. मग एखादा प्रश्न. मला उपयोगी वाटलेला प्रश्न असा: "तुला सोडून गेला त्याच्या जागी तू असतास तर काय दिसत होतं?" पुष्कळदा मूल सांगता सांगता थांबतं, कारण त्या भिडूला समोरून गोळ्या येत होत्या हे त्याला बोलताना आठवतं. आणि कधी कधी उत्तर येतं, "काहीच नव्हतं, तो मुद्दामच गेला." तेही मान्य करावं. जगात अशी माणसं असतात. त्याला ब्लॉक करून पुढचा डाव खेळायचा.

वर्गात काय करता येईल

एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांत एक पद्धत सुरू केली. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात बसवलं होतं आणि वातावरण तापलेलं होतं. त्यांनी धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा, आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. अडखळत बोलणाऱ्या मुलाला इतर चिडवायचे. पण त्याच्याकडचा तुकडा मिळाल्याशिवाय आपलेच गुण जाणार, हे कळल्यावर चिडवणं थांबलं आणि मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली. पडलेल्या भिडूवर ओरडून तो उठत नाही, जवळ जावं लागतं, तसंच हे.

आपल्याकडे इतिहासाच्या किंवा भूगोलाच्या एखाद्या लांब धड्याला हे सहज जमतं. चार मुलं, चार तुकडे. मी त्यात एक भर घालते. तास संपताना प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, गटातल्या कोणाच्या कुठल्या कामामुळे माझं काम सोपं झालं. "सगळ्यांमुळे" हे उत्तर चालत नाही, नाव आणि काम दोन्ही हवं. त्या चिठ्ठ्यांत एरवी कधी पुढे न येणारी नावं येतात. "तिने मला परत समजावलं आणि हसली नाही," असं एका मुलाने लिहिलं होतं. खेळणारी मुलं या चिठ्ठीला 'सपोर्टचा पॉइंट' म्हणतात. म्हणू द्या. आणि चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे बसवायचं तर तुकडे आदल्या दिवशीच वाटून ठेवा, नाहीतर अर्धा तास कागद सापडण्यातच जातो.

घरच्यांसाठी एक छोटी माहिती राहिली. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात मैदानात अजून किती खेळाडू उरलेत तो आकडा दिसत असतो. जेवायला हाक मारताना "कधी येणार?" विचारण्याऐवजी "किती उरलेत?" असं विचारून बघा. साठ म्हणाला तर कुकरची शिट्टी होऊ द्या. दहा म्हणाला तर ताटं घ्यायला हरकत नाही.